अंगठ्याच्या बुडाशी आलेलं हाड

पायाच्या अंगठ्याच्या बुडाशी हाड वर आलंय, चप्पल घातली की ठणकतं, ही तक्रार आपल्या हिंगोली जिल्ह्यात बायका वर्षानुवर्षं अंगावर काढतात. त्यात नवं हाड वाढलेलं नसतं. अंगठा शेजारच्या बोटाकडे कलतो, त्यामागचं हाड बाहेर सरकतं आणि चपलेला घासून सुजतं.

आईला असेल तर मुलीलाही होण्याचा संभव जास्त. सपाट तळवा, आमवात हीसुद्धा कारणं आहेत. पण पादत्राणांचा वाटा मोठा. हाँगकाँगमधल्या १९५८ सालच्या पाहणीत बूट वापरणाऱ्यांपैकी ३३ टक्के लोकांचा अंगठा वाकलेला आढळला, अनवाणी राहणाऱ्यांत जेमतेम २ टक्के. पण म्हणून अनवाणी फिरू नका. हळदीच्या रानात काटे आहेत, साप आहेत.

उपचार चपलेपासूनच सुरू करा. संध्याकाळी पाय थोडे फुगलेले असतात, तेव्हा कागदावर उभं राहून पायाभोवती रेघ ओढा आणि तो आकार कापून दुकानात न्या. कागद चपलेच्या तळाबाहेर आला तर तो जोड घेऊ नका. चपलेची वादी त्या हाडावर येता कामा नये. खुरपताना टाच उचलून उकिडवं बसलं की भार याच सांध्यावर येतो, तेव्हा पाट घ्या.

अंगठा दुसऱ्या बोटावर रेलला की जोडवं रुततं. सूज असेल तोवर ते काढून ठेवा. मन धजत नाही हे मला ठाऊक आहे, पण बोट फार सुजलं तर जोडवं कापूनच काढावं लागतं.

दुखलं तर फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा मिनिटं धरा. बोटांमध्ये ठेवायची सिलिकॉनची गादी घासणं कमी करते. रात्री बांधायच्या पट्ट्यांनी मोठ्या माणसाचा अंगठा सरळ होत नाही. त्यावर पैसे घालवू नका. मूत्रपिंडाचा, जठराचा किंवा बीपीचा त्रास असेल तर दुखण्याच्या गोळ्या परस्पर घेऊ नका. हळदीच्या लेपाने हाड बसत नाही, धडधाकट कातडीवर तो लावायला मात्र हरकत नाही. बिब्बा अजिबात नको! त्याने कातडी भाजते आणि मधुमेहात तेवढ्या जखमेवरून पाय गमवावा लागू शकतो.

सांधा एका रात्रीत लालभडक, गरम झाला तर ते गाऊट किंवा जंतुसंसर्ग असू शकतं. त्याच दिवशी डॉक्टरकडे जा.

एवढं करूनही चालणं जड झालं तर जिल्हा सामान्य रुग्णालयात अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. एक्स-रे उभं राहून काढायला हवा, झोपून काढला तर वाक कमी दिसतो. शस्त्रक्रिया दुखणं थांबावं म्हणून करायची, पाय देखणा दिसावा म्हणून नाही. तीत हाड कापून सरळ बसवतात. पुढे साधारण सहा आठवडे खास चप्पल वापरावी लागते, सूज उतरायला काही महिने जातात. म्हणून हळदीची काढणी, शिजवणी आणि जूनची पेरणी बघून तारीख घ्या, आणि त्या दिवसांत घरचं पाणी कोण भरणार, रानात कोण जाणार, हे घरच्यांशी आधीच बोलून ठेवा.