आधी कपाळ, मग कुंकू

बाजारातून भाजी आणली की आपण ती निवडतो, धुतो आणि किडकी शेंग बाजूला काढतो. तांदूळ घ्यायचे झाले तर मूठभर दाणे तळहातावर घेऊन पाहतो. परंतु त्याच बाजारातून आणलेली टिकली, पावडर, क्रीम किंवा केसांचा रंग मात्र आपण क्षणभरही न तपासता अंगाला लावतो. पोटात जाते त्याचीच काय ती चौकशी करावी, अंगावर राहते ती निव्वळ शोभा, अशी आपली समजूत असते. ही समजूत किती अपुरी आहे, हे आमच्या घरातील एका आजारपणाने आम्हांला शिकवले. आम्ही भाषेचे शिक्षक. रसायनशास्त्र हा आमचा विषय नव्हे. तरीही जे पाहिले, विचारून घेतले आणि वाचून पडताळले, ते तुमच्यापुढे मांडणे आम्हांला अगत्याचे वाटते.

आमच्या थोरल्या बहिणीला घरात सर्वजण 'बाय' म्हणतात. लग्न झाल्यापासून तिच्या कपाळावर चिकटवायची टिकली असे. जत्रेच्या फेरीतून पाकिटे आणायची, रात्री निजताना टिकली आरशावर चिकटवायची आणि सकाळी पुन्हा कपाळावर लावायची, हा वर्षानुवर्षांचा क्रम होता. एके वर्षी पावसाळ्यात त्या जागी खाज सुटू लागली. पुढे कातडी लाल झाली आणि काही महिन्यांनी टिकलीच्याच आकाराचा पांढरा डाग कपाळावर उमटला. डाग झाकण्यासाठी बायने अधिक मोठी टिकली लावली. डागही तितकाच मोठा झाला.

खरे दुखणे त्यानंतरचे. संक्रांतीच्या हळदी-कुंकवाला एका घरी कुंकू घेतलेले बोट बायच्या कपाळापाशी येऊन थबकले आणि क्षणभराने तिच्या हातावर हळद लावून पुढे गेले. कोणी काही बोलले नाही. परंतु 'कोड' हा शब्द त्या खोलीतील प्रत्येकीच्या मनात उमटला होता. बायची मुलगी वयात आलेली. उद्या तिच्या लग्नाची गोष्ट निघेल तेव्हा लोक काय म्हणतील, या विचाराने बाय घराबाहेर पडेनाशी झाली. अशा वेळी एका नातलग बाईंनी मायेपोटी त्वचा उजळवणाऱ्या क्रीमची एक डबी आणून दिली. डबीवर सुंदर चित्र होते. परंतु बनवणाऱ्याचा पत्ता नव्हता आणि घटकांची यादीही नव्हती. तीन आठवड्यांत बायचा चेहरा तांबडालाल झाला. तेव्हा कुठे आम्ही तिला त्वचारोगतज्ज्ञांकडे घेऊन गेलो.

डॉक्टरीणबाईंनी प्रथम औषध दिले नाही. त्या म्हणाल्या, "तुम्ही अंगाला जे जे लावता ते सगळे उद्या पिशवीत घालून आणा. रिकामे पाकीटसुद्धा टाकू नका." दुसऱ्या दिवशी मेजावर अकरा वस्तू मांडल्या गेल्या. आपल्या घरात इतक्या वस्तू आहेत हे आम्हांलाही ठाऊक नव्हते. नंतर 'पॅच टेस्ट' झाली. या चाचणीत निरनिराळ्या पदार्थांचे अगदी अल्प प्रमाण पाठीवर पट्ट्यांखाली ठेवतात. दोन दिवसांनी पट्ट्या काढून त्वचा पाहतात आणि पुन्हा एकदोन दिवसांनी तपासतात. ज्या पदार्थाखाली त्वचा सुजते, तो त्या माणसाला सोसत नाही असे समजावे.

दोष टिकलीमागच्या गोंदात निघाला. अशा काही गोंदांत पॅरा-टर्शरी-ब्यूटिल-फिनॉल नावाचे रसायन असते. आपल्या त्वचेला रंग देणारे मेलॅनिन हे द्रव्य ज्या पेशी तयार करतात, त्या पेशींना हे रसायन इजा करते. पेशी नष्ट झाल्या की त्या जागी पांढरा डाग पडतो. सर्वांनाच असे होते असे नाही. परंतु ज्यांना होते त्यांचा डाग टिकलीच्या जागीच सुरू होतो. वेळीच टिकली बंद केली तर पुष्कळदा रंग हळूहळू परततो. काहींचा मात्र पुरता परतत नाही.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. बायचा डाग रसायनाचा निघाला म्हणून आम्ही सुटकेचा निःश्वास टाकला, हे खरे. परंतु तो कोड असता तरी ते थबकलेले बोट योग्य ठरले नसते. कोड स्पर्शाने पसरत नाही. ते पापाचे फळ नव्हे आणि कुळाचा कलंकही नव्हे. अज्ञानाचा डाग कातडीवरच्या डागापेक्षा अधिक खोल असतो, हे आम्ही त्या वर्षी शिकलो.

आता त्या डबीविषयी. त्वचा झटपट उजळवण्याचे वचन देणाऱ्या काही क्रीममध्ये पारा मिसळलेला असतो. पारा मेलॅनिन तयार होऊ देत नाही, म्हणून रंग उजळल्यासारखा दिसतो. परंतु तो त्वचेतून रक्तात जातो आणि मूत्रपिंडांना घातक ठरतो. केरळातील कोट्टक्कल येथील डॉक्टरांनी २०२१ ते २०२३ या काळात मूत्रपिंडाच्या एका विकाराचे २२ रुग्ण तपासले. त्यांपैकी १५ जणांत त्या विकाराचा एक विशिष्ट प्रकार आढळला आणि त्या १५ पैकी १३ जणांनी आजारापूर्वी उजळपणाची क्रीम वापरल्याचे सांगितले. क्रीम बंद केल्यावर त्यांतील बहुतेकांची प्रकृती सुधारली. भारताच्या २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार डोळ्यांभोवतीची प्रसाधने वगळता इतर प्रसाधनांत अनवधानाने राहिलेला पारासुद्धा दहा लाख भागांत एका भागाहून अधिक असता कामा नये. तरीही अशा डब्या चोरट्या मार्गाने येतातच. घटकांच्या यादीत 'मर्क्युरी', 'कॅलोमेल', 'मर्क्युरस क्लोराइड' असे शब्द दिसले, किंवा सोन्याचांदीच्या दागिन्यांना क्रीम लागू देऊ नका अशी सूचना असली, तर ती डबी पाऱ्याची आहे असा संशय घ्यावा. जे सोन्याला सोसत नाही ते गालाला कसे सोसेल?

कुंकवाची गोष्टही लक्षात ठेवण्याजोगी आहे. आमच्या कोंकणी घरांत कुंकवाला पिंजर म्हणतात. जुन्या पद्धतीचे कुंकू हळदीपासून होते. हळदीत चुना मिसळला की ती लाल होते. हा प्रयोग तुम्ही विज्ञानाच्या तासाला शिक्षकांच्या देखरेखीखाली करून पाहा. अशा कुंकवावर लिंबाचा रस टाकला की ते पुन्हा पिवळे पडते. मात्र टाकणखार घालून केलेल्या कुंकवाला ही कसोटी लागू पडत नाही. शेंदूर हा निराळा पदार्थ आहे. पारंपरिक शेंदूर म्हणजे शिशाचे ऑक्साइड. २०१७ साली अमेरिकेतील संशोधकांनी न्यू जर्सी, मुंबई आणि दिल्ली येथून भांगात भरायच्या सिंदुराचे ११८ नमुने घेऊन तपासले, तेव्हा दर दहांपैकी सुमारे आठ नमुन्यांत शिसे आढळले. शिसे बुद्धीला आणि मज्जासंस्थेला अपाय करते आणि लहान मुलांच्या बाबतीत त्याचे निर्धोक असे कोणतेही प्रमाण नाही. म्हणून देवळात मारुतीच्या शेंदराला बोट लागले तर हात धुऊन मगच प्रसाद घ्यावा. त्याने भक्तीत उणेपणा येत नाही.

यावर कोणी म्हणेल, मग सगळे नैसर्गिकच वापरावे. विद्यार्थी मित्रांनो, हाही घाईचा निष्कर्ष होय. लिंबू नैसर्गिक आहे. परंतु त्याचा रस तोंडाला चोळून उन्हात गेल्यास त्वचा भाजल्यासारखी होते. चुना अधिक झाला तर कपाळ पोळते. हळदीत रंगासाठी शिशाचे क्रोमेट मिसळले जात असल्याचे २०१९ साली बांगलादेशातील संशोधनात सिद्ध झाले. मेंदी निरुपद्रवी, परंतु झटपट रंगणाऱ्या 'काळ्या मेंदी'त केसांच्या कलपातील रसायन मिसळलेले असते आणि त्याने हातावर फोड येतात. तेव्हा 'नैसर्गिक' आणि 'रासायनिक' असा भेद करण्यापेक्षा 'माहीत असलेले' आणि 'माहीत नसलेले' असा भेद करणे अधिक शहाणपणाचे.

आजारानंतर वस्तू कशा बदलाव्यात, याचा जो क्रम डॉक्टरीणबाईंनी घालून दिला, तो असा. पहिल्याने अनावश्यक ते सर्व बंद करावे; साधा, सुवास नसलेला साबण तेवढा ठेवावा. त्वचा पूर्ण शांत झाल्यावर एका वेळी एकच वस्तू परत आणावी. नवी वस्तू प्रथम कोपराच्या आतल्या बाजूस आठवडाभर लावून पाहावी. खाज वा लाली आली नाही तरच पुढे वापरावी. दोन वस्तू एकदम सुरू केल्या तर अपराधी कोण हे कळत नाही. खरेदी करताना बनवणाऱ्याचे नाव व पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, मुदत आणि घटकांची यादी या पाच गोष्टी पाहाव्यात. त्यांतील एकही नसेल तर वस्तू दुकानातच ठेवावी. आणि ज्या पदार्थाचा त्रास झाला, त्याचे नाव कागदावर लिहून तो कागद पुढच्या प्रत्येक डॉक्टरांना दाखवावा.

बायच्या अकरा वस्तूंपैकी आज चार उरल्या आहेत. खर्चही कमी झाला. परंतु या सर्वांत कठीण होता तो पहिला उपाय: काही महिने कपाळाला काहीही लावायचे नाही. सवाष्ण मुलीने मोकळ्या कपाळाने वावरायचे, हे आमच्या आईला कसे रुचावे? आम्हांला वाटले, वाद होईल. आई त्या रात्री बराच वेळ देवापुढे बसून राहिली. सकाळी तिने स्वतः आरशावरच्या टिकल्या एकेक करून काढल्या आणि कोंकणीत जे म्हणाली त्याचा अर्थ असा, "आधी कपाळ, मग पिंजर. कपाळच दुखावले तर पिंजर लावायची कुठे?"

दीड वर्ष झाले. डागाच्या कडेने रंग परतला आहे. मध्ये वाटाण्याएवढी पांढरी जागा राहिली आहे, ती कदाचित तशीच राहील. यंदाच्या संक्रांतीला बायने ती झाकली नाही. आमच्याच घरी हळदी-कुंकू होते. आईने घरी केलेल्या कुंकवाचे बोट बायपुढे धरून विचारले, "लावू?" बायने डॉक्टरांचा होकार मिळाल्याचे सांगितले आणि मगच आईने ते पांढऱ्या जागेच्या वर, निरोगी त्वचेवर, अगदी बारीक टेकवले. मागच्या खेपेस ज्यांचे बोट थबकले होते, त्या बाईही तेथे होत्या. निघताना त्यांनी हलक्या आवाजात आपल्या सुनेच्या कपाळावरील खाजेविषयी विचारले. बायने त्यांना डॉक्टरांचा पत्ता लिहून दिला आणि वर एक सूचना केली, "जे लावते ते सगळे पिशवीत घालून न्या. काही टाकू नका."

विद्यार्थी मित्रांनो, आज घरी गेल्यावर आपल्या आरशाखालची फळी पाहा. प्रत्येक डबी उलटी करून मागची अक्षरे वाचा. वाचता येणे ही जी विद्या शाळा तुम्हांला देते, ती परीक्षेच्या कागदापुरती नाही. आपल्या माणसांचे आरोग्य जपण्यासाठीही ती उपयोगी पडते.