एकटीने निघताना सांधे सांभाळा

शिरूरला रेल्वे नाही. पुणे-नगर रस्त्यावरचं आमचं गाव एसटीच्या जिवावर वाढलं. 1 जून 1948 रोजी एसटीची पहिली गाडी पुण्याहून नगरला गेली, तीही याच रस्त्याने. त्यामुळे एसटीने एकटं जाणं आमच्याकडच्या मुलींना शिकवावं लागत नाही. एक गाडी चुकली तर मागची मिळते, स्टँडवर ओळखीचं कुणीतरी भेटतंच. पण सोलापूर, हैदराबाद, चेन्नईकडे जायचं तर दौंड गाठावं लागतं आणि तिथे सगळा हिशेब बदलतो. आरक्षणाचं तिकीट त्या तारखेचं, त्याच गाडीचं. एसटी सोडून रेल्वे धरायची, त्या सांध्यावरच माझा एकटीचा पहिला प्रवास अडला.

मला नोकरीच्या प्रशिक्षणासाठी हैदराबादला जायचं होतं. "शनिवारी रात्रीची गाडी हवी," असं सांगून वडिलांनी एका दुकानातून तिकीट काढून आणलं. मुंबईहून रात्री सुटणारी ती गाडी दौंडला येते मध्यरात्र उलटल्यावर. म्हणजे आमची शनिवारची रात्र रेल्वेच्या लेखी रविवार होती. दुकानदाराने तारीख टाकली शनिवारची. संध्याकाळी मी बॅग घेऊन चौकशीच्या खिडकीशी उभी राहिले, तेव्हा आतल्या बाबूंनी तिकीट दिव्याखाली धरून पाहिलं आणि म्हणाले, "ताई, ही गाडी आज पहाटेच गेली."

परतीची एसटी तोवर निघून गेली होती. मोबाइलची बॅटरी संपत आलेली. मावशी दौंडला रेल्वे क्वार्टर्समध्ये राहायची, म्हणून रात्र निभावली. ताट वाढता वाढता ती म्हणाली, "अगं, रेल्वेचा दिवस रात्री बाराला उजाडतो. आम्हाला सवयीने कळतं, तुम्हाला कुणी सांगितलं नाही." प्रशिक्षणाला उशिरा पोहोचले आणि पहिल्याच दिवशी बोलणी खाल्ली.

तेव्हापासून गावातली कुठली मुलगी पहिल्यांदा एकटी निघाली, की मी तिला घरी बोलावते आणि तिकीट मोठ्याने वाचायला लावते. प्रवास बहुधा चालत्या गाडीत अडत नाही, अडतो सांध्यावर. तयारी तिथलीच करायची.

पहिला सांधा तारखेचा. गाडी रात्री बारानंतरची असेल, तर घरातून आदल्या संध्याकाळी निघायचं. तिकिटावरची तारीख, वार आणि वेळ स्वतःच्या हाताने कागदावर लिहा. लिहिताना चूक डोळ्यांत भरते.

दुसरा सांधा स्टेशनचा. मनमाड-नगरकडून पुण्याला जाणाऱ्या गाड्यांना दौंड जंक्शनला इंजिन फिरवावं लागायचं. ते टाळण्यासाठी काही गाड्या आता जंक्शनला न येता दौंड कॉर्ड लाइन या वेगळ्या स्टेशनवर थांबतात. तिकिटावर कुठलं नाव छापलंय, ते नीट पाहा आणि रिक्षावाल्याला तेच पूर्ण नाव सांगा.

तिसरा सांधा वेटिंगचा. ऑनलाइन काढलेलं तिकीट चार्ट लागेपर्यंत पूर्ण वेटिंगवरच राहिलं, तर ते आपोआप रद्द होतं. ते घेऊन गाडीत चढणं म्हणजे विनातिकीट प्रवास. पहिल्या खेपेला तरी कन्फर्म तिकिटाशिवाय घर सोडू नका.

चौथा सांधा रात्रीचा. शिरूरहून दौंडला जाणारी आणि तिकडून येणारी शेवटची एसटी किती वाजता, हे डेपोत जाऊन विचारा. गाडी हुकली तर रात्र कुठे काढायची, हे आधीच ठरलेलं असू द्या. नातेवाईक नसतील तर स्टेशनच्या वेटिंग रूममध्ये, चार माणसांत बसा. काही खटकलं तर रेल्वेसाठी 139 आणि पोलिसांसाठी 112. घरचे दोन नंबर कागदावर लिहून पैशांच्या पाकिटात ठेवा. मोबाइल बंद पडला की पाठ नसलेले नंबरही त्याच्याबरोबर जातात. सगळे पैसे एकाच जागी ठेवू नका.

हे सगळं ऐकून पाठ होईल, पण अंगवळणी पडणार नाही. त्यासाठी मोठ्या प्रवासाआधी एक छोटी फेरी करा. सकाळी शिरूरहून एसटीने दौंड, तिथून पॅसेंजरने पुणे आणि पुण्याहून एसटीने परत शिरूर. दिवसाउजेडी सुरुवात होते, संध्याकाळी घरी येता येतं. खिडकीवर तिकीट काढणं, फलाट विचारणं, स्टेशनवरून एसटी स्टँड गाठणं, सगळे सांधे एकाच दिवसात हाताखालून जातात.

या फेरीत दौंड तालुक्यातलंच केडगाव लागतं, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनचं. पतीच्या निधनानंतर, 1883 साली, लहानग्या मनोरमेला घेऊन रमाबाई इंग्लंडला गेल्या. ते धाडस एका रात्रीत आलेलं नव्हतं. लहानपणापासून आईवडिलांबरोबर देशभर पायी हिंडण्याची त्यांना सवय होती. आपल्या मुलींना निदान एका दिवसाची सवय तरी आपण देऊ शकतो.

म्हणून आईवडिलांना कळकळीची विनंती. काळजीपोटी सगळं तुम्हीच करून दिलंत, तर वाटेत अडचण आली की मुलीला काहीच उमगत नाही. स्टँडवर सोडायला जरूर जा. पण तिकीट तिलाच काढू द्या, वेळ तिलाच विचारू द्या आणि पहिल्या छोट्या फेरीला सोबत जाऊ नका.