सार्वजनिक किल्लीने प्रवेश व त्यातील अडथळे

ज्या संस्थेत शेकडो लिनक्स यंत्रे एकाच व्यवस्थेखाली चालतात, मग ती विद्यापीठाची गणनशाळा असो वा मोठी पेढी असो, तेथे काम करणारा मनुष्य त्या यंत्रांपाशी जाऊन बसत नाही. यंत्रे एका थंड खोलीत असतात, मनुष्य आपल्या टेबलापाशी असतो, आणि दोहोंमधील वाट ‘एसएसएच’ नावाच्या पद्धतीने बांधलेली असते. या वाटेच्या तोंडाशी पहारा असतो. पहारेकऱ्याला ओळख पटविण्यासाठी परवलीच्या शब्दाऐवजी पुष्कळ ठिकाणी किल्ल्यांची जोडी वापरतात. काल चाललेली जोडी आज चालत नाही, पडद्यावर ‘परवानगी नाकारली’ एवढेच उमटते, आणि रात्रभर चालवावयाचे गणित तसेच पडून राहते. असे का घडते व त्याचा शोध कोणत्या क्रमाने घ्यावा, हे येथे पाहावयाचे आहे.

ही पद्धत १९९५ साली फिनलंडमध्ये जन्मास आली. हेलसिंकी तंत्रविद्यापीठाच्या जाळ्यावर कोणीतरी गुप्तपणे परवलीचे शब्द टिपून घेतले होते. त्यावर उपाय म्हणून तेथील संशोधक तातू युलोनेन यांनी ती रचली. आज बहुतेक लिनक्स यंत्रांवर जी आवृत्ती आढळते ती ‘ओपनएसएसएच’ होय, व ती १९९९ पासून प्रचारात आहे. तिच्या मुळाशी असलेली कल्पना मात्र जुनी आहे. डिफी व हेलमन यांनी ती १९७६ मध्ये मांडली, आणि पुढच्याच वर्षी रिव्हेस्ट, शामीर व एडलमन यांनी तिला ‘आरएसए’ हे व्यवहार्य गणिती रूप दिले.

किल्ली हा शब्द खरे पाहता थोडा फसवा आहे. किल्ली कुलपात घालावी लागते. येथे तसे काही होत नाही. जुन्या दप्तरातील शिक्कामोर्तबाचा दाखला अधिक जवळचा ठरेल. खाजगी किल्ली म्हणजे धन्याने स्वतःपाशी जपून ठेवलेली मुद्रा. सार्वजनिक किल्ली म्हणजे त्या मुद्रेच्या ठशाचा नमुना, जो दप्तरात उघडपणे ठेवलेला असतो. नमुन्यावरून कागदाची खातरजमा करता येते, परंतु नमुन्यावरून मुद्रा घडविता येत नाही. प्रवेश मागणारे यंत्र प्रथम आपला नमुना दाखविते. पलीकडील यंत्र आपल्या यादीत तो आहे की नाही हे पाहते. असल्यास ते ‘ठीक’ म्हणते. मग अलीकडील यंत्र त्या विशिष्ट भेटीच्या खुणेवर मुद्रा उठवून पाठविते, आणि पलीकडील यंत्र ती नमुन्याशी ताडून पाहते. मुद्रा स्वतः कधीही वाटेवर येत नाही. हा क्रम ध्यानात ठेवावा, कारण बिघाड नेमका कोणत्या पायरीवर झाला हे ओळखणे म्हणजेच निम्मे काम होय.

पहारेकरी कारण सांगत नाही, हा त्याचा दोष नव्हे. ‘तुमचे नाव यादीत आहे, पण कप्प्याची परवानगी चुकली आहे’ असे तो बाहेर उभ्या असलेल्या अनोळखी माणसाला सांगू लागला, तर चोरालाही तेवढेच ज्ञान मिळेल. म्हणून खरे कारण तो आतल्या नोंदवहीत लिहितो. रेडहॅट कुळातील यंत्रांवर ही नोंदवही ‘सिक्युअर’ नावाने असते, डेबियन कुळात ‘ऑथ-लॉग’ नावाने. बाहेरच्या बाजूने आदेशाला ‘व्ही’ हा विकल्प तीनदा जोडून दिल्यास संवादाची पायरी-पायरी दिसते: कोणत्या किल्ल्या दाखविल्या, त्यांपैकी एखादी स्वीकारली गेली काय, आणि बोलणे कोठे तुटले. बाहेरचा वृत्तांत पायरी सांगतो, आतली नोंदवही कारण सांगते. दोन्ही हाती घेतल्यावाचून जो मनुष्य नवी किल्ली बनवू लागतो, तो बहुधा एक नवा घोटाळा तेवढा निर्माण करतो.

केंद्रीय व्यवस्थेत पहिला प्रश्न असा विचारावा: प्रवेश एकालाच मिळत नाही की सर्वांना, आणि एकाच यंत्रावर मिळत नाही की सगळीकडे? समजा, एका विद्यापीठात दोनशे यंत्रे आहेत व सर्वांचे गृहकप्पे एका मध्यवर्ती साठ्यावरून जाळ्यातून पुरविले जातात. एका विद्यार्थिनीने सहाध्यायाला आपले आकडे वाचता व लिहिता यावेत म्हणून आपला गृहकप्पा सबंध गटाला लिहिण्यासाठी खुला केला. त्या क्षणापासून दोनशेही यंत्रांनी तिला दार बंद केले. इतरांना काहीच अडचण नाही. यंत्रे बिघडलेली नाहीत. उलट ती आपले काम चोख करीत आहेत. ज्या कप्प्यात दुसऱ्याला लिहिता येते, त्यातील किल्ल्यांची यादी दुसऱ्याने बदललेली नसेल कशावरून? म्हणून एसएसएचचा सेवक यादी वाचण्यापूर्वी गृहकप्पा, त्यातील ‘डॉट-एसएसएच’ कप्पा व यादीची फाइल, या तिन्हींची मालकी व परवानगी तपासतो. गृहकप्प्यावर धन्यावाचून कोणास लिहिण्याचा अधिकार नसावा. आतल्या कप्प्यास ७०० व यादीस ६०० हे अंक ठेवण्याचा प्रघात आहे. नोंदवहीत ‘मालकी वा परवानगी अयोग्य’ अशा अर्थाची ओळ दिसली की उपाय एका आदेशाचा असतो. हा काटेकोरपणा बंद करून टाकण्याचीही सोय आहे, आणि घाईत पुष्कळजण तोच मार्ग धरतात. दोनशे यंत्रांवर तो बंद करणे म्हणजे एका विद्यार्थिनीसाठी सर्व खातेदारांच्या दारावरील पहारा ढिला करणे होय.

परवानग्या बिनचूक असूनही यादी वाचता न येण्याचे आणखी दोन प्रकार आहेत. पहिला ‘एसईलिनक्स’चा. येथे प्रत्येक फाइलीवर नेहमीच्या परवानगीखेरीज एक चिठ्ठी असते, व सेवकाला विशिष्ट चिठ्ठीच्याच फाइली वाचण्याची मुभा असते. यादी दुसरीकडे तयार करून मागाहून गृहकप्प्यात हलविली, तर जुन्या ठिकाणाची चिठ्ठी तिच्यावर तशीच राहते. चिठ्ठ्या पूर्ववत करणारा आदेश चालविला की काम भागते. गृहकप्पे जाळ्यातून येत असतील, तर तशी वेगळी अनुमतीही यंत्रावर चालू असावी लागते.

दुसरा प्रकार अधिक मौजेचा आहे. मध्यवर्ती साठा ‘कर्बरॉस’ पद्धतीने राखलेला असेल, तर खातेदाराच्या नावाचे तिकीट असल्याखेरीज तो गृहकप्पा उघडत नाही. तिकीट बहुधा प्रवेशानंतर मिळते, प्रवेशासाठी यादी हवी, यादी गृहकप्प्यात. घराची किल्ली घरातच ठेवून दाराला कुलूप लावावे, तशी ही स्थिती. शिवाय खातेदार त्या यंत्रावर आधीच कामात असेल तर दुसरा प्रवेश सुखाने मिळतो, आणि तपासणारा चक्रावतो: ‘आत्ता चालले, सकाळी का नाही?’ येथे परवानग्यांशी झटापट करणे व्यर्थ आहे. यादीच गृहकप्प्याबाहेर नेली पाहिजे.

ती नेण्याची सांप्रत रूढ रीत अशी की सार्वजनिक किल्ल्या मध्यवर्ती निर्देशिकेत, उदाहरणार्थ ‘फ्रीआयपीए’त, खातेदाराच्या नावापुढे नोंदवावयाच्या, आणि प्रत्येक यंत्रावरील ‘एसएसएसडी’ नावाच्या मध्यस्थाने त्या मागवून घ्यावयाच्या. सेवक दरवेळी एक छोटा कार्यक्रम चालवून यादी विचारतो. हा कार्यक्रम मूळ प्रशासकाच्याच मालकीचा असावा, इतर कोणास त्यावर लिहिता येऊ नये, अशी अट आहे. ती मोडल्यास सेवक त्याला शिवत नाही. मध्यस्थ मिळालेली माहिती काही काळ स्वतःपाशी साठवूनही ठेवतो. यास्तव निर्देशिकेत नवी किल्ली नोंदविली, एका यंत्रावर ती चालली व शेजारच्यावर नाही, तर प्रथम शिळ्या साठ्याचा संशय घ्यावा.

आता सर्वांनाच, परंतु एकाच यंत्रावर, अडचण असेल तर सेवकाच्या मांडणीकडे वळावे. या मांडणीच्या फाइलीचा एक नियम पुष्कळांना ठाऊक नसतो: एकच गोष्ट दोनदा लिहिली असेल तर पहिली ग्राह्य धरली जाते, शेवटची नव्हे. २०२० च्या आवृत्तीपासून इतर फाइली जोडून घेण्याची सोय झाली, आणि पुष्कळ वितरणांत ती जोडणी मुख्य फाइलीच्या माथ्यावरच असते. परिणामी व्यवस्थापक तळाशी जे लिहितो ते निष्फळ ठरते. फाइल वाचून तर्क करीत बसण्यापेक्षा प्रत्यक्षात लागू असलेली मांडणी सेवकाकडूनच छापून घ्यावी. मोठ्या ‘टी’चा विकल्प त्यासाठीच आहे. हाताने केलेली दुरुस्तीही टिकेलच असे नाही. ‘पपेट’सारखा मांडणी राखणारा कार्यक्रम सर्वसाधारणपणे दर अर्ध्या तासाने येतो व मूळ मजकूर पुन्हा लिहून जातो. दुरुस्ती मुळातच करावी, आणि करताना एक उघडे सत्र राखून ठेवावे, नाही तर दुरुस्त करणाराच बाहेर अडकावयाचा.

जुनी यंत्रे वा जुने कार्यक्रम वापरणाऱ्यांना एक निराळी अडचण भेटते. आरएसए मुद्रा उठविताना पूर्वी ‘एसएचए-१’ हे संक्षेपगणित वापरीत. २०१७ मध्ये दोन भिन्न फाइलींचा त्या रीतीने एकच संक्षेप काढून दाखविण्यात आला, आणि सप्टेंबर २०२१ मधील ओपनएसएसएचच्या ८.८ या आवृत्तीने अशा मुद्रा आपण होऊन स्वीकारणे थांबविले. यात आरएसए किल्ली बाद झाली असा समज पसरला, तो चुकीचा आहे. तीच किल्ली नव्या संक्षेपगणिताने मुद्रा उठवू शकते. मात्र तसे करता येणारा कार्यक्रम हवा, आणि ओपनएसएसएचमध्ये ती क्षमता २०१६ च्या ७.२ या आवृत्तीपासून आहे.

ज्याच्या पदरी पुष्कळ किल्ल्या आहेत त्यालाही एक विचित्र अनुभव येतो. त्याचे यंत्र एकामागून एक नमुने दाखवीत जाते, आणि सेवक प्रत्येक नाकारलेला नमुना एक फसलेला प्रयत्न म्हणून मोजतो. ही मर्यादा सामान्यतः सहा असते. योग्य किल्ली सातवी असेल तर तिची पाळी येतच नाही. कोणत्या यंत्रासाठी कोणती किल्ली, हे आपल्या मांडणीत नेमून द्यावे.

किल्ली स्वीकारली गेली, तरीही संबंध लगेच तुटला, असे दिसल्यास किल्लीचा नाद सोडावा. ओळख पटल्यावर खात्याचा वेगळा तपास होतो: मुदत संपली काय, या गटास या यंत्रावर येण्याची मुभा आहे काय. याच तपासाची उलट बाजू व्यवस्थापकाने विशेष जपावयास हवी. संस्था सोडून गेलेल्या माणसाचा परवलीचा शब्द कुलूपबंद केला, म्हणजे त्याचे खाते बंद झाले असे नव्हे. किल्लीने येणाऱ्याला परवलीचा शब्द विचारलाच जात नाही. खाते निर्देशिकेत मुदतबाह्य करावे, तेथील किल्ली काढावी, गृहकप्प्यातील जुनी यादी पुसावी, आणि त्याच्या नावाने आधीपासून उघडी राहिलेली सत्रेही शोधून तोडावीत, कारण वरील सर्व तपास केवळ नव्या प्रवेशाच्या वेळी होतात.