तोपकापी राजवाड्यातील जाळीची खिडकी

दिव्य कुरआन श्रद्धावंतांना पृथ्वीवर संचार करण्यास सांगतो आणि त्या संचाराचा हेतूही स्पष्ट करतो. आपल्यापूर्वी ज्यांना सामर्थ्य आणि वैभव लाभले, त्यांचा शेवट काय झाला ते पाहावे, असा तो आदेश आहे. ‘सैर’ हा शब्द त्याच अरबी धातूतून आलेला. परंतु आपल्या बोलीत येईपर्यंत त्याचा अर्थ मौजेची भटकंती एवढाच उरला. अलीकडे मुंबईहून उमरासाठी जाणाऱ्या अनेक जथ्यांच्या कार्यक्रमात इस्तंबूलचे दोन-तीन दिवस असतात. मक्का-मदिनेची जियारत करून परतणारी कुटुंबे तोपकापी राजवाड्यासमोर उतरतात, वाटाड्याच्या हातातील झेंड्यामागे चालू लागतात आणि दोन तासांत बाहेर येतात. उस्मानी सुलतानांवरील मालिका पाहिलेली मुले तर तेथे अर्धी गोष्ट मनात घेऊनच आलेली असतात. अशा कुटुंबांसाठी हा पाठ लिहीत आहे.

सुलतान मुहम्मद फातेह यांनी १४५३ मध्ये इस्तंबूल जिंकले आणि काही वर्षांतच बॉस्फरसकडे झुकलेल्या टेकडीवर हा राजवाडा उभारण्यास प्रारंभ केला. जवळजवळ चार शतके उस्मानी सत्तेचे केंद्र येथेच होते. ‘तोपकापी’ हे नाव पुढच्या काळातले. ‘तोप’ म्हणजे आपलीच तोफ आणि ‘कापी’ म्हणजे दरवाजा. मराठीतील तोफ, तोफखाना हे शब्द तुर्कीच्याच घरचे असल्यामुळे या नावापाशी आपल्याला परके वाटत नाही. युरोपातील राजवाड्यांसारखी ही एकच भव्य वास्तू नव्हे. एकापाठोपाठ एक अशी चार अंगणे, त्यांना जोडणारे दरवाजे आणि भोवती बसक्या इमारती, असा तिचा विस्तार आहे. जसजसे आत जावे तसतसा प्रवेशाचा अधिकार कमी लोकांना असे. पहिले अंगण सर्वसामान्य प्रजेला खुले होते. ‘बाबुस्सलाम’ या दुसऱ्या दरवाजापाशी वजिरालाही घोड्यावरून उतरावे लागे. घोड्यावर बसून आत जाण्याचा मान एकट्या सुलतानाचा होता. दरवाजावर कलिमा कोरलेला आहे. त्याच्या बाहेर, उजव्या हाताला, एक लहानसे पाणवठ्याचे बांधकाम दिसते. त्याला जल्लादाचा झरा म्हणतात. वरती कलिमा आणि बाजूला जल्लादाने हात धुण्याची जागा. वाटाडे येथे छायाचित्रे काढण्यासाठी पाच मिनिटे देतात. ती पाच मिनिटे या दोन गोष्टींकडे एकत्र पाहण्यात घालवावी.

दुसऱ्या अंगणात डाव्या बाजूस ‘कुब्बेआल्ती’ आहे. कुब्बेआल्ती म्हणजे घुमटाखालची जागा. येथे दीवान भरे. आपल्याकडे जमिनीच्या वादाला ‘दिवाणी दावा’ म्हणतात, त्यातील दिवाण हाच. सोळाव्या शतकात आठवड्यातून चार दिवस प्रमुख वजीर, दोन काजीअस्कर आणि हिशेबाचे अधिकारी येथे बसत, राज्यकारभार पाहत आणि प्रजेच्या तक्रारी ऐकत. तक्रार घेऊन येणारा मुस्लिम असो, ख्रिस्ती असो वा यहुदी, त्याला येथवर येता येई. प्रमुख वजिराच्या आसनाच्या वर, भिंतीत, सोनेरी जाळीची एक खिडकी आहे. सुलतान स्वतः दीवानात बसत नसे. तो त्या जाळीमागे येऊन बसे. तो आज आला आहे की नाही, हे खाली कोणालाच कळत नसे. म्हणून सुलतान ऐकतोच आहे असे समजून वजिराला बोलावे लागे. या दालनावरच जो उंच मनोरा उभा आहे त्याचे तुर्की नाव ‘अदालत कुलेसी’, न्यायाचा मनोरा. तो समुद्रावरूनही दिसतो.

ही खिडकी मला राजवाड्यातील सर्वांत बोलकी वस्तू वाटते. इहसानची व्याख्या आपण मक्तबात शिकलो आहोत. बंदा अल्लाहला पाहत नसला, तरी अल्लाह त्याला पाहत आहे या जाणिवेने इबादत करावी, असा तिचा आशय. उस्मानी कारभाराने तीच जाणीव दगडात आणि जाळीत बांधण्याचा प्रयत्न केला. वजिरावर लक्ष ठेवण्यासाठी सुलतान होता. मग जाळीमागच्या सुलतानावर लक्ष कोणाचे?

या प्रश्नाचे एक उत्तर याच दीवानात मिळाले होते. सुलतान सलीम प्रथम (कारकीर्द १५१२ ते १५२०) यांच्या काळात अली जमाली एफेंदी हे इस्तंबूलचे मुफ्ती, म्हणजेच शेख-उल-इस्लाम होते. लोक त्यांना ‘झंबिल्ली अली’ म्हणत. झंबील म्हणजे टोपली. ते घराच्या खिडकीतून दोरीने टोपली खाली सोडत. लोक आपला प्रश्न चिठ्ठीवर लिहून तीत ठेवत. ते टोपली वर ओढून उत्तर लिहीत आणि पुन्हा खाली सोडत. मुफ्तीच्या दारी जाण्याचा संकोच गरिबाला वाटू नये, म्हणून हे. एकदा सलीम यांनी खजिन्यातील दीडशे कर्मचाऱ्यांना ठार मारण्याचा हुकूम दिला. दीवानात येण्याचा मुफ्तींचा रिवाज नव्हता. तरीही अली एफेंदी तेथे आले. वजीर चकित होऊन उठून उभे राहिले. त्यांनी सुलतानाची भेट मागितली आणि आत गेल्यावर सांगितले की, सुलतानाची आखिरत सांभाळणे हे मुफ्तीचे कर्तव्य आहे आणि या माणसांचा वध शरीअतनुसार वैध नाही. सलीम संतापले. राज्याच्या कारभारात हात घालणे हे मुफ्तीचे काम नव्हे, असे त्यांनी सुनावले. आपण कारभारात नव्हे, तर सुलतानाच्या परलोकात हात घालतो आहोत, असा अली एफेंदींच्या उत्तराचा आशय होता. सुलतानांनी माफी दिली. आश्चर्य पुढेच आहे. निघता निघता अली एफेंदींनी आणखी एक गोष्ट मागितली: या लोकांना त्यांच्या जागांवर परत घ्यावे, कारण सुलतानाच्या सेवकांनी दारोदार भीक मागणे सुलतानाच्या प्रतिष्ठेला शोभत नाही. तेही मान्य झाले. मात्र कामातील कसुरीबद्दल शिक्षा करीन, असे सलीम म्हणाले. त्यावर, ताजीरचा म्हणजे शासनाच्या विवेकाने द्यावयाच्या शिक्षेचा तो अधिकार सुलतानाचाच आहे, असे सांगून अली एफेंदी बाहेर पडले. धाडसाबरोबरच येथे फिक्हची अचूकताही पाहण्यासारखी आहे. आपला अधिकार कोठे संपतो, हे त्या मुफ्तींना नेमके ठाऊक होते.

आता दुसरी बाजू. मुहम्मद फातेह यांच्या नावाने असलेल्या कानूननाम्यात, गादीवर येणाऱ्या शहजाद्याने राज्याच्या सुव्यवस्थेसाठी आपल्या भावांना ठार मारणे योग्य ठरवले आहे आणि बहुसंख्य उलेमांनी त्यास अनुमती दिल्याचा आधारही तेथे घेतला आहे. याच सलीम यांनी आपले भाऊ अहमद आणि कोरकुत यांना संपवले. १५९५ मध्ये मुहम्मद तृतीय गादीवर बसले, तेव्हा त्यांच्या एकोणीस भावांना एकाच वेळी गळा आवळून मारण्यात आले. त्यांतील काही अगदी बालके होती. राजवाड्याच्या बाहेरच्या दरवाजापासून अया सोफिया मशीद हाकेच्या अंतरावर आहे. तिच्या आवारात मुराद तृतीय यांच्या मकबऱ्यात पित्याशेजारी या मुलांच्या कबरी आहेत. ज्या गुन्ह्याची शक्यता होती, पण जो घडलाच नव्हता, त्याची ती शिक्षा होती. एका निरपराध जिवाचा वध हा संपूर्ण मानवजातीच्या वधासारखा मानणाऱ्या ग्रंथाचे पठन ज्या घरात रात्रंदिवस चालत असे, त्याच घरात हे घडले. यादवी टाळली गेली, हजारो प्राण वाचले, असा युक्तिवाद इतिहासकार मांडतात. मांडोत. परंतु ज्या आलिमांनी त्यावर ‘जायज’ लिहिले, त्यांची लेखणी आणि अली एफेंदींची टोपली एकाच मदरशाच्या परंपरेतून आली होती, हे आम्ही इमाम मंडळींनी तरी विसरू नये.

१६०३ मध्ये अहमद प्रथम यांनी आपल्या मुस्तफा नावाच्या भावाला जिवंत ठेवले आणि तेव्हापासून ती प्रथा सैल झाली. पुढे शहजाद्यांना जनानखान्यातील काही दालनांत कोंडून ठेवण्यात येऊ लागले. त्या दालनांना ‘कफस’, म्हणजे पिंजरा, हेच नाव पडले. सुलेमान द्वितीय तीस वर्षांहून अधिक काळ तेथे राहून मग गादीवर आले. भिंतींवरच्या निळ्या-हिरव्या फरशा अतिशय सुंदर आहेत.

जनानखान्याविषयी दोन शब्द आवश्यक आहेत, कारण आपल्या मुलींसमोर वाटाडे येथे नको ते विनोद करतात. ‘हरम’ म्हणजे जपलेली, परक्याला मनाई असलेली जागा. मक्केच्या मशिदीलाही तोच शब्द लागतो. जी जागा युरोपीय चित्रकारांना पाहताच येत नव्हती, ती त्यांनी कल्पनेने रंगवली आणि तीच चित्रे आजही पर्यटकांच्या डोक्यात आहेत. प्रत्यक्षात येथे कडक शिस्त, शिक्षण आणि दर्जांची उतरंड होती. परंतु चुकीच्या चित्राला उत्तर देताना आपण दुसरे चुकीचे चित्र उभे करू नये. येथील बहुतेक स्त्रिया गुलाम म्हणून आणलेल्या होत्या आणि पहारा देणारे ख्वाजासरा बालपणीच खच्ची केलेले होते. माणसाला असे विद्रूप करणे इस्लाममध्ये निषिद्ध आहे. राजवाडा त्यावर चालत होता. याच दालनांतून आलेल्या हुर्रम सुलतान यांनी १५५२ मध्ये जेरुसलेममध्ये गरिबांसाठी वक्फ करून मोफत अन्नछत्र काढले. तुर्कीत अन्नछत्राला ‘इमारेत’ म्हणतात. आपण ‘इमारत’ म्हणतो ती वेगळी. ते अन्नछत्र राजवाड्यापेक्षा जास्त काळ आपल्या कामावर राहिले.

खजिन्याच्या दालनात गर्दी असते. तेथे पाचूजडित प्रसिद्ध खंजीर आहे. १७४७ मध्ये तो इराणच्या नादिरशहाला भेट म्हणून पाठवण्यात आला होता. दूत वाटेत असतानाच नादिरशहाची हत्या झाल्याची वार्ता आली आणि खंजीर परत फिरला. १७३९ मध्ये दिल्लीची लूट करणारा तो हाच. यापलीकडे या दालनात फार वेळ घालवावा, असे मला वाटत नाही.

तिसऱ्या अंगणाच्या कोपऱ्यात ‘हास ओदा’, म्हणजे पवित्र अवशेषांचे दालन आहे. १५१७ मध्ये सलीम यांनी इजिप्त जिंकल्यानंतर यातील अनेक वस्तू येथे आल्या. पहिल्या महायुद्धात मदिनेहून फख्री पाशांनी आणखी काही पाठवल्या. प्रेषित मुहम्मद (स.) यांची म्हणून जपलेली चादर, त्यांचे पवित्र केस, सहाबांच्या तलवारी येथे आहेत. आमच्या जथ्यातील एका वयस्कर चाचींनी काचेतील काठीकडे बोट दाखवून विचारले, “मौलाना, ही खरोखर मूसा अलैहिस्सलाम यांची आहे का?” मी त्यांना सांगितले, “चाची, हदीस स्वीकारताना आपण सनद विचारतो, म्हणजे कोणी कोणाकडून घेतले याची साखळी. या काठीची तशी साखळी माझ्यापाशी नाही. म्हणून मी होही म्हणत नाही आणि तुमच्या भावनेची थट्टाही करत नाही.” त्यांनी मान हलवली आणि दरूद पढत पुढे गेल्या.

या दालनात दोन्ही टोके टाळावीत. प्रेषितांनी (स.) अंतिम हजमध्ये मुंडन करवून आपले केस सहाबांत वाटण्यास दिले, उम्मे सलमा (रजि.) यांच्यापाशी काही केस चांदीच्या पात्रात जपलेले होते. म्हणून अवशेषांविषयीचे प्रेम हे अज्ञान नव्हे. दुसरीकडे, हजरत उमर (रजि.) यांनी हजरे अस्वदचे चुंबन घेताना, हा लाभ-हानी न करू शकणारा दगड आहे आणि केवळ प्रेषितांनी (स.) केले म्हणून आपण हे करतो, असे जाहीरपणे सांगितले. काचेवर कपाळ टेकवणे, मन्नत मागणे हे त्या शिकवणीत बसत नाही. येथे छायाचित्रे काढण्यास मनाई आहे, हे बरेच झाले. हाफिज बसून कुरआनचे पठन करीत असतात. चालता चालता ऐकून न सोडता, बाजूला उभे राहून काही आयती पूर्ण ऐकाव्यात.

वेळ असल्यास दुसऱ्या दिवशी किनाऱ्यावरचा दोल्माबाहचे राजवाडा पाहावा. १८४३ ते १८५६ या काळात अब्दुल मजीद प्रथम यांनी तो बांधला; २८५ खोल्या, छतांवर सोन्याचे वर्ख, साडेचार टनांचे झुंबर. बांधकाम चालू असतानाच, १८५४ मध्ये, क्रिमियाच्या युद्धखर्चासाठी साम्राज्याने पहिले परदेशी व्याजी कर्ज काढले. १८७५ मध्ये दिवाळे निघाले आणि १८८१ पासून साम्राज्याच्या उत्पन्नाचा मोठा वाटा सावकारांच्या मंडळाकडे जाऊ लागला. मार्च १९२४ मध्ये अखेरचे खलिफा अब्दुल मजीद द्वितीय यांना याच राजवाड्यातून रातोरात देशाबाहेर पाठवण्यात आले. त्यांची कन्या दुर्रेशहवार यांचा विवाह १९३१ मध्ये निजामांचे पुत्र आझम जाह यांच्याशी झाला. आपला मराठवाडा तेव्हा त्याच हैदराबाद संस्थानात होता, त्यामुळे तेथील वृद्धांच्या तोंडी हे नाव अजून ऐकू येते.

तोपकापी मंगळवारी बंद असतो. मुले बरोबर असतील तर सकाळी दरवाजा उघडताच जावे आणि अवशेषांचे दालन आधी पाहून मग मागे दीवानाकडे यावे, म्हणजे गर्दी टळते. आणि वाटाड्याला विचारून एक संध्याकाळ झेयरेक भागाकडे चालत जावे. झंबिल्ली अली एफेंदींची कबर तेथे आहे. सहलीच्या यादीत ती सहसा नसते.