‘माझे समक्ष’ : नोटरीच्या व्यवसायाविषयी

बारावीचा निकाल लागला, की माझ्या कचेरीत येणाऱ्या पालकांचा प्रश्न बहुधा एकच असतो : “मुलगी वकिलीला जाते म्हणते, पण कोर्टात उभं राहून बोलणं तिला जमेल का?” वकिली म्हणजे केवळ भर न्यायालयातील वादविवाद, हा समज आपल्याकडे इतका दृढ झाला आहे, की दस्ताचा मजकूर रचणे, तो पक्षकारास समजावून देणे आणि त्याच्या खरेपणाची ग्वाही देणे हेही वकिलाचे तितकेच थोर कर्तव्य आहे, याचा सहज विसर पडतो. मितभाषी, परंतु शब्दाशब्दाकडे बारकाईने पाहणाऱ्या विद्यार्थ्याने या कर्तव्याचा अवश्य विचार करावा.

१९५२ च्या नोटरी अधिनियमान्वये केंद्र वा राज्य सरकार अनुभवी वकिलांमधून नोटरी नेमते. प्रतिज्ञापत्र करणाऱ्यास शपथ देणे, मुखत्यारपत्रावरील सही साक्षांकित करणे, मुळाशी ताडून नक्कल प्रमाणित करणे, भाषांतराची सत्यता पडताळणे, ही त्याची नित्याची कामे. प्रत्येक कामाची नोंद त्याला रजिस्टरात करावी लागते. कारण ‘माझे समक्ष’ हे दोन शब्द लिहिताना, हाच इसम माझ्यासमोर आला आणि त्याने राजीखुशीने सही केली, असे तो साऱ्या जगाला सांगत असतो.

एकदा एक वृद्धा भाच्यासह मुखत्यारपत्र घेऊन माझ्याकडे आली. अंगठ्याला शाई लागलीही होती, तरी रिवाजाप्रमाणे भाच्याला बाहेर बसवून मी विचारले, “आजी, यात काय लिहिलंय?” ती म्हणाली, “पेन्शन आणायचं आहे ना?” कागदात शेत विकण्याचा अधिकार होता. मी ते वाक्य पुन्हा सावकाश वाचले, तेव्हा काही न बोलता तिने अंगठा पदराला पुसला. या व्यवसायाचे सारे मर्म त्या एका प्रश्नात आहे, आणि तो विचारण्याचा कंटाळा ज्याला येईल, त्याने या वाटेला जाऊ नये.

या अधिकाराची मर्यादाही विद्यार्थ्याने आरंभीच ओळखावी. १९०८ च्या नोंदणी अधिनियमानुसार शंभर रुपये वा अधिक किमतीच्या स्थावर मिळकतीचे खरेदीखत दुय्यम निबंधकाकडे नोंदवावेच लागते. नोटरीचा शिक्का त्याची जागा घेऊ शकत नाही. केवळ कुलमुखत्यारपत्राच्या आधारे मिळकतीची मालकी हस्तांतरित होत नाही, असा स्पष्ट निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये दिला आहे. गरजू माणसाला हे सांगून, प्रसंगी फी सोडून, योग्य कचेरीची वाट दाखवणे हेही वकिलाचेच काम.

आता मार्गाविषयी. बारावीनंतर ५ वर्षांचा किंवा पदवीनंतर ३ वर्षांचा विधी अभ्यासक्रम पूर्ण करून, महाराष्ट्र व गोवा वकील परिषदेची सनद घ्यावी आणि अखिल भारतीय वकील परीक्षा उत्तीर्ण व्हावे. नोटरीपदासाठी सर्वसाधारणपणे किमान १० वर्षांची वकिली लागते. महिलांना, तसेच अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती व इतर मागासवर्गीय उमेदवारांना ७ वर्षांची. नियमांनी ठरवलेली फी माफक असल्यामुळे केवळ नोटरीकामावर संसाराची भिस्त ठेवू नये. दस्तलेखन, मिळकतीच्या हक्कांचा शोध आणि दिवाणी वकिली यांची जोड असावी.

इतकी वर्षे थांबायचे, म्हणून पालकांनी धास्तावू नये. परक्या माणसाने आपल्या शब्दावर विसंबावे, ही पात्रता परीक्षेच्या गुणपत्रिकेवर मिळत नाही. ती एकेक कागद प्रामाणिकपणे हाताळीत कमवावी लागते. तूर्त एवढेच करावे : घरच्या ट्रंकेत जपून ठेवलेले आजोबांचे खरेदीखत एखाद्या रविवारी पाल्याच्या हाती द्यावे. चतुःसीमा, भरणा, साक्षीदार हे सारे वाचून होताच ‘यातला हा शब्द कशासाठी?’ असे त्याने आपण होऊन विचारले, तर त्याला निश्चिंतपणे या वाटेला लावावे.