काडेपेटी गेटवर

अगं, दार लावून घे आधी. काल रात्री दोनपर्यंत तुझ्या खोलीत दिवा होता आणि तो अभ्यासाचा नव्हता, हे मला कळतं. खडकी बाजारातून आणलेल्या त्या पेन ड्राइव्हवर आर्च लिनक्स उतरवून घेतलंयस ना? ओरडायला नाही आले मी. बस.

सोपं उबुंटू सोडून हे कशाला, असं विचारणार नाही. मलाही तीच खाज होती. खाज वाईटही नाही. नोव्हेंबर 2017 पासून जगातले पहिले पाचशे महासंगणक सगळेच्या सगळे लिनक्सवर चालतात. आपल्या शेजारच्या सी-डॅकच्या परम महासंगणकाचीही हीच भाषा. उबुंटू म्हणजे वाढलेलं ताट. आर्च शिधा देतं, रांधायचं आपण.

आता सांगते ते आईला बोलायचं नाही. आजीच्या पंच्याहत्तरीचे फोटो असलेली हार्ड डिस्क 'खराब झाली' असं मी सांगितलं होतं, आठवतं? ती खराब झाली नव्हती. आर्च टाकताना मी पुसली. लॅपटॉपला लावलेलीच होती, एसडीए आणि एसडीबी या डिस्कच्या नावांत माझी गफलत झाली आणि एन्टर दाबलं. चार दिवस जेवण गेलं नाही मला.

बाबा अ‍ॅम्युनिशन फॅक्टरीत होते तेव्हा काडेपेटी गेटवरच काढून ठेवायचे. 'आत जपून वागेन' या शब्दाला तिथे किंमत नव्हती. तसंच तूही कर. आधी तुझं सगळं बाहेरच्या डिस्कवर उतरव, मग ती डिस्क काढून ठेव. जे लावलेलंच नाही ते पुसलं जात नाही.

मग एलएसबीएलके ही आज्ञा दे आणि डिस्क नावावरून नको, आकारावरून ओळख. तुझी 512 जीबीची तिथे 476.9 दिसेल. घाबरू नकोस, चोरी झालेली नाही; कंपनी हजाराने मोजते, ही आज्ञा 1024 ने. विंडोज ठेवणार असशील तर बिटलॉकरची रिकव्हरी की आधी कागदावर उतरव आणि सिक्युअर बूट बंद कर. आणि विंडोजचं ईएफआय पार्टिशन फक्त माउंट करायचं. ते फॉरमॅट केलंस तर विंडोज घरात राहील, पण दार जाईल.

बाकीच्या चुका होऊ देत. माझ्या झाल्याच. मूळ पॅकेजेस टाकताना नेटवर्क मॅनेजर विसरले. रीबूट केलं तर काळ्या पडद्यावर लॉगिन आलं, वाय-फाय मात्र नाही. आणि नेट नाही म्हणून नेटवर्क मॅनेजर उतरवताही येईना. रडकुंडीला येऊन मी सगळं पहिल्यापासून केलं. गरजच नव्हती गं! पेन ड्राइव्हवरून पुन्हा सुरू करायचं, पार्टिशन्स माउंट करायची, आर्च-क्रूटने आत शिरायचं, राहिलेलं टाकायचं आणि नेटवर्क मॅनेजर चालू करून बाहेर पडायचं. पाच मिनिटांचं काम. मराठीऐवजी चौकोन दिसले तर नोटो फॉन्ट टाक. विंडोजचं घड्याळ साडेपाच तास मागे गेलं तर समज, लिनक्स मशीनच्या घड्याळात जागतिक वेळ ठेवतं आणि विंडोज तीच आपली धरून चालतं. यातलं काहीही बिघडलं तरी दुरुस्त होतं. पुसलेलं तेवढं परत येत नाही. म्हणून भीती वाटूच द्यायची असेल तर पुसण्याच्या त्या एकाच पायरीची.

चार्जर लावून ठेव. आर्चची विकी फोनवर उघडी ठेव, आणि जी ओळ कळली नाही ती टाइप करू नकोस. अडलंस तर रात्री तीनलाही उठव मला, पण एन्टरच्या आधी.

सगळं उतरवून झालं की आण ती डिस्क. आज माझ्या कपाटात राहील.