पारिजातक आणि रातराणी : रात्रीच्या सुगंधातील नामसंभ्रम

शरद ऋतूत सूर्यास्तानंतर पारिजातकाच्या कळ्या उमलू लागतात आणि पहाटे अंगणात फुलांचा सडा पडतो. कुंपणालगतची रातराणी बहरली की घराचा तो कोपरा सुगंधाने भरून जातो. पांढऱ्या वा फिकट रंगाच्या या फुलांचा सुगंध रात्री हिंडणाऱ्या पतंगांना आकर्षून घेतो, आणि मनुष्यही त्याला मोहतो. मात्र चिकित्सकाने केवळ सुगंधावर विसंबून द्रव्य ओळखू नये, हे सांगण्यासाठी प्रस्तुत लेख आहे.

काही काळापूर्वी आम्ही गृध्रसीच्या एका रुग्णास पारिजातकाच्या पानांचा काढा सांगितला. झाड घरीच आहे, असे ते म्हणाले. सुदैवाने काढा करण्यापूर्वी त्यांनी एक डहाळी दाखवावयास आणली. ती रातराणीची होती! रोपवाटिकेच्या चिठ्ठीवर 'नाईट जास्मिन' असे लिहिलेले होते आणि पारिजातकाचे इंग्रजी नाव तेच असल्याचे त्यांनी वाचले होते. अनर्थ टळला, परंतु दोष रुग्णाचा नव्हता. पान न दाखवता केवळ नाव सांगितले, ही चूक आमची होती.

नावांचा गुंता

'नाईट जास्मिन' हे नाव दोन्ही वनस्पतींना सर्रास लावले जाते. वस्तुतः यांपैकी एकही जाईच्या प्रजातीतील नाही. पारिजातक म्हणजे निक्टॅन्थिस आर्बर-ट्रिस्टिस. हा वृक्ष भारतीय उपखंडातील. गोव्यात १५६३ साली छापलेल्या गार्सिया द ओर्ता यांच्या औषधी द्रव्यांवरील पोर्तुगीज ग्रंथात 'दुःखी वृक्ष' म्हणून याचे वर्णन आहे. रातराणी म्हणजे सेस्ट्रम नॉक्टर्नम; ही उष्ण कटिबंधीय अमेरिकेतून आलेली, धोत्रा व वांगी यांच्या कुलातील. साहजिकच आपल्या संहितांत तिला स्थान नाही.

संस्कृत नावांतही सावधगिरी हवी. चक्रदत्ताने गृध्रसीवर मंदाग्नीवर सिद्ध केलेला शेफालिकेच्या पानांचा क्वाथ सांगितला आहे. शेफालिका म्हणजे पारिजातक, असे आज बहुधा मानले जाते. परंतु अमरकोशात शेफालिका व निर्गुंडी ही नावे एकत्र येतात, म्हणून काही वैद्य येथे निर्गुंडी घेतात. दोन्ही द्रव्ये वातशामक असल्याने हा मतभेद चिकित्सेत निभावून जातो. रातराणीच्या बाबतीत तसे नाही. तिची पाने व फळे विषारी असून ती पोटात देण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. तिच्याच प्रजातीतील 'दिन का राजा' (सेस्ट्रम डाययुर्नम) खाल्ल्याने जनावरांच्या शरीरात कॅल्शियमचे घातक संचय होतात, हे पशुवैद्यकास ज्ञात आहे.

ओळख

१. पान : पारिजातकाची पाने समोरासमोर येतात आणि वरच्या बाजूस इतकी खरखरीत असतात की लाकूड घासण्यासाठीही ती वापरली जातात. रातराणीची पाने एकाआड एक, लांबट, गुळगुळीत व चकचकीत असतात.

२. फांदी : पारिजातकाची कोवळी फांदी चौकोनी असते.

३. फूल : पारिजातकाच्या पाकळ्या शुभ्र व देठ केशरी असतो, सकाळी फूल गळून पडते. रातराणीचे फूल हिरवट-पांढरे, बारीक नळीसारखे असते. दिवसा ते फांदीवरच मिटून राहते.

४. फळ : पारिजातकाचे फळ चपटे, वाळल्यावर तपकिरी, दोन बियांचे, रातराणीचे पांढरे, रसाळ.

यांतील पान हीच भरवशाची खूण होय, कारण फूल व फळ बारमाही मिळत नाही. पारिजातक रसाने तिक्त, विपाकाने कटु व वीर्याने उष्ण; म्हणून पान चाखले असता स्पष्ट कडू लागते. मात्र अनोळखी पान चाखून पाहण्याची परीक्षा कोणीही करू नये.

औषधालयांसाठी

वाळलेल्या पानांत फांदीवरील मांडणी दिसत नाही आणि सुगंधाचा तर प्रश्नच नाही. म्हणून पुरवठादाराकडून पहिल्या खेपेसोबत फांदीसह नमुना मागून घ्यावा आणि तो नाव व दिनांक घालून जपून ठेवावा. देयकावर केवळ 'नाईट जास्मिन' वा 'हरसिंगार' न लिहिता शास्त्रीय नाव लिहिण्याचा आग्रह धरावा. चुरा झालेला माल शक्यतो घेऊ नये. घेतल्यास सूक्ष्मदर्शकाखाली पानावरील ताठर रोम पाहून घ्यावेत.

रुग्णास घरच्या झाडाची पाने सांगताना आम्ही आता एक नियम पाळतो : प्रथम डहाळी आणावयास सांगतो, पान बोटाने चोळून पाहतो आणि मगच काढ्याची कृती लिहून देतो. यास दोन मिनिटे लागतात. वैद्यबंधूंनी व औषधालयचालकांनीही ही दोन मिनिटे अवश्य द्यावीत. रातराणी अंगणात खुशाल बहरू द्यावी. काढ्याच्या भांड्यात मात्र ती येता कामा नये.